किट लेन्सवाला मिररलेस की खिशातला कॅमेरा?

दुकानात शिरलं की आधी बजेट विचारतात, मग मेगापिक्सेलवर गाडी येते. लेन्स बदलता येणारा मिररलेस घ्यायचा की खिशात मावणारा, लेन्स कायमचा जोडलेला कॉम्पॅक्ट, हे या दोन्हींवरून ठरत नाही. ते ठरतं लेन्सवरून. बहुतेक जण मात्र सगळे पैसे बॉडीवर घालतात आणि खोक्यात फुकटात मिळाल्यासारखा वाटणारा किट लेन्स वर्षानुवर्षं तसाच लावून ठेवतात.

जरा आकडे मांडू. सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप. फुल फ्रेम सेन्सर 36×24 मिमी. एपीएस-सी साधारण 23.5×15.6 मिमी. चांगल्या कॉम्पॅक्टमध्ये येणारा, एक इंची म्हणवणारा सेन्सर 13.2×8.8 मिमी. वेगवेगळ्या सेन्सरवरचे लेन्स एका पातळीवर आणायचे तर फोकल लेंग्थला (लेन्सचा मिमीतला आकडा, जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं) क्रॉप फॅक्टरने, म्हणजे सेन्सर फुल फ्रेमपेक्षा जितक्या पट लहान त्या आकड्याने गुणायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. अॅपर्चरलाही (प्रकाश आत सोडणारं लेन्सचं भोक, एफ/ चा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) तसंच गुणायचं, हे मात्र जाहिरातीत कुणी छापत नाही. एपीएस-सीला 1.5 ने, एक इंचीला 2.7 ने.

आता सोनीच्या एपीएस-सी बॉडीबरोबर येणारा 16-50 मिमी एफ/3.5-5.6 किट लेन्स घ्या. फुल फ्रेमच्या हिशेबात तो 24-75 मिमी एफ/5.3-8.4 झाला. कॅननचा जी7 एक्स मार्क थ्री हा 304 ग्रॅमचा कॉम्पॅक्ट. त्याचा लेन्स 24-100 मिमीच्या तोडीचा, एफ/1.8-2.8, म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबात एफ/4.9-7.6. संध्याकाळच्या उजेडात एकाच शटर स्पीडला दोघांच्या सेन्सरवर जमा होणारा एकूण प्रकाश जवळपास सारखाच, किंबहुना कॉम्पॅक्टकडे थोडा जास्तच. मागची पार्श्वभूमी धूसर होण्याचंही तेच. म्हणून किट लेन्सवरच थांबणार असाल तर कमी उजेडासाठी मिररलेस घेण्यात काही हशील नाही. दीड-दोनपट ओझं वागवायचं आणि फोटो तोच.

भर दिवसा चित्र बदलतं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, 100 वर ठेवली की मोठा सेन्सर जास्त प्रकाश पोटात घेतो आणि सावलीतला तपशील वाचवतो. मुंबईच्या डी. एन. रोडच्या कमानीखाली उभं राहून बाहेर उन्हात न्हाणारी इमारत टिपायची असेल, तर उन्हासाठी एक्सपोजर धरून नंतर रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये) सावल्या उजळाव्या लागतात. एपीएस-सी किंवा फुल फ्रेमच्या फाइलमध्ये त्या तीन-चार स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) उचलल्या तरी निभतं. एक इंचीत दोन स्टॉपनंतर सावलीत दाणे दिसायला लागतात आणि रंग मळतात. शिवाय मिररलेसचा व्ह्यूफाइंडर, मोठी बॅटरी आणि हाताला भरणारी पकड हे फायदे आहेतच. सोनीच्या एफझेड100 बॅटरीत 16.4 वॉट-अवर ऊर्जा असते, सोनीच्याच आरएक्स100 या एक इंची कॉम्पॅक्ट मालिकेतल्या बीएक्स1 मध्ये साधारण 4.5. दिवसभर फिरायचं तर कॉम्पॅक्टवाल्याने दोन जादा बॅटऱ्या खिशात ठेवाव्यात.

मिररलेस घ्यायचाच असेल तर बॉडी आणि एक मोठ्या अॅपर्चरचा लेन्स मिळून हिशेब करा. सोनी ए6700 बॉडी 493 ग्रॅम, त्यावर सिग्माचा 30 मिमी एफ/1.4 हा 265 ग्रॅमचा. एकूण पाऊण किलोच्या आसपास. एफ/5.6 आणि एफ/1.4 यांत चार स्टॉपचं अंतर आहे, म्हणजे सोळापट प्रकाश. किट लेन्सच्या लांब टोकाला जिथे 1/15 सेकंदाचा शटर स्पीड लागायचा, तिथे त्याच आयएसओला 1/250 मिळतो. फुल फ्रेममध्ये सोनीचा ए7 फोर 658 ग्रॅम, टॅमरॉनचा 28-75 एफ/2.8 जी2 540 ग्रॅम. झाले बाराशे ग्रॅम, बॅग वेगळी. गर्दीच्या वेळच्या विरार लोकलमध्ये ही बॅग छातीशी धरून उभं राहायचं, आणि दादरला उतरताना ती कुणाच्या कोपरात अडकणार नाही हे बघायचं, हे ज्याला रोज जमणार नाही त्याचा कॅमेरा महिन्याभरात कपाटात जातो.

खिशातल्या कॅमेऱ्यांतही दोन जाती आहेत. बोटाच्या नखाहून लहान, 1/2.3 इंची सेन्सर असलेले स्वस्त कॉम्पॅक्ट आता घेऊच नयेत. बऱ्या फोनचा मुख्य कॅमेरा त्यांच्या पुढे आहे. विचार करायचा तो एक इंची झूमवाल्यांचा, नाहीतर रिको जीआर थ्रीसारख्या एका फोकल लेंग्थच्या कॅमेऱ्याचा. जीआर थ्रीत अख्खा एपीएस-सी सेन्सर आहे, वजन बॅटरी आणि कार्डासकट 257 ग्रॅम, लेन्स 28 मिमीच्या तोडीचा एफ/2.8. झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, फ्लॅश नाही. आणि तरीही रस्त्यावरच्या फोटोंसाठी माझी पसंती त्यालाच.

कारण आहे स्नॅप फोकस, म्हणजे आधीच ठरवलेल्या अंतरावर लावून ठेवलेला फोकस. पहाटेच्या दादर फूलमार्केटमध्ये झेंडूच्या राशींमधून पाट्या डोक्यावर घेतलेली माणसं अंगावरून जात असतात. ऑटोफोकस लागेपर्यंत माणूस फ्रेमबाहेर. मेनूत स्नॅप अंतर 2 मीटर ठेवा, अॅपर्चर एफ/5.6. या कॅमेऱ्याच्या 18.3 मिमी लेन्सला मग साधारण सव्वा मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंत सगळं पुरेसं रेखीव येतं. फुल प्रेस स्नॅप चालू केलं की बटण एका दमात खाली दाबायचं, फोकसची वाटच बघायची नाही. आयएसओ ऑटो, कमाल 6400, किमान शटर 1/250. पहाटे उजेड फारच कमी असेल तर एफ/4 वर या, पण मग रेखीव पट्टा आखडतो आणि अंतराचा अंदाज चुकला की फोटो गेला. उजाडल्यावर एफ/5.6 पुन्हा चालतं.

अशा बाजारात एलईडी दिव्यांचा त्रास वेगळा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हलक्या दर्जाचे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. मिररलेसवर सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावून 1/500 ला फोटो काढला की फ्रेमवर आडवे काळे-पिवळे पट्टे येतात, कारण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो आणि प्रत्येक ओळीला दिव्याची वेगळी अवस्था भेटते. सायलेंट बंद करा, मेकॅनिकल शटरवर 1/100 किंवा 1/50 ठेवा. जीआर किंवा आरएक्स100 मध्ये लेन्समधलं लीफ शटर असतं, ते अख्खी फ्रेम एकदमच उघडतं, म्हणून त्यात पट्टे येत नाहीत. फार तर एक फोटो उजळ आणि पुढचा किंचित काळसर येतो. याच शटरमुळे फ्लॅशही 1/1000 च्या पुढे जुळतो. भर दुपारी टोपीखालचा चेहरा उजळायला आरएक्स100 चा इवलासा फ्लॅश ए7 फोरपेक्षा सोपा पडतो, कारण ए7 फोरला 1/250 ची मर्यादा आहे.

शिवडीच्या खाडीत मात्र खिशातला कॅमेरा सपशेल हरतो. फ्लेमिंगोंच्या हंगामात, साधारण डिसेंबर ते मे, भरती चढायला लागली की चिखलावरचे पक्षी काठाकडे सरकतात. तरी ते शंभर मीटरवर असतात असं धरा. लहान जातीचा फ्लेमिंगो उंचीला सुमारे 90 सेंमी. आरएक्स100 मार्क सेव्हनच्या झूमचं टोक 200 मिमीच्या तोडीचं, पण प्रत्यक्षात 72 मिमी. त्या अंतरावर पक्ष्याची प्रतिमा सेन्सरवर 0.65 मिमी पडते, म्हणजे उंचीला सुमारे 270 पिक्सेल. एवढ्यात चोचही नीट कळत नाही. ए6700 वर 600 मिमी लेन्स असेल तर तीच प्रतिमा 5.4 मिमी, सुमारे 1,400 पिक्सेल. डिजिटल झूमने ही दरी बुजत नाही. पक्षी काढायचे तर मिररलेस आणि लांब लेन्स, दुसरा पर्याय नाही. सोनीचा 200-600 लेन्स एकटाच 2.1 किलोचा आहे, हेही त्याच दमात लक्षात घ्या. आणि सकाळी अकरानंतर चिखलावर उष्म्याच्या लहरी उठल्या की कितीही महाग लेन्स असो, पिसं विरघळल्यासारखीच येतात. भरतीचं वेळापत्रक आधी बघा, सकाळची भरती असलेला दिवस निवडा.

गणपती विसर्जनाला निर्णय प्रकाशावर नाही, गुलालावर होतो. लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत हवेत गुलाल असतो. बाहेर येणारा झूम लेन्स प्रत्येक आत-बाहेर करताना हवा ओढून घेतो आणि तिच्याबरोबर ती पूडही. खिशातल्या कॅमेऱ्याचा लेन्स काढता येत नाही. आत कण बसला की कॅमेरा सर्व्हिस सेंटरमध्ये पूर्ण खोलावा लागतो. जीआर थ्रीच्या सेन्सरवर धूळ बसण्याची तक्रार तर नेहमीची आहे. मिररलेसच्या सेन्सरवर धूळ आली तर ब्लोअरने किंवा स्वॅबने ती घरी काढता येते, पण मिरवणुकीत लेन्स बदललात तर धूळ येणारच. एकच लेन्स लावा, पुढे फिल्टर चढवा, बॉडी आणि लेन्सच्या जोडावर कागदी मास्किंग टेप गुंडाळा. धूळ-पाणी अडवणारं वेदर सीलिंग फक्त बॉडीला असून भागत नाही. लेन्सच्या माउंटला रबरी कडं आहे का बघा. बहुतेक किट लेन्सना ते नसतं. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश. ओल्या फडक्याने पुसायला गेलात की गुलालाचा रंग रबरात मुरतो आणि मग निघत नाही.

पावसाळ्यात दोन्ही जातींचा वैरी एकच, बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर रेंगाळते आणि बुरशीला 60-65 टक्केही पुरे. चामड्याच्या केसमध्ये किंवा बॅगेत कॅमेरा बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण ते ओल धरून ठेवतात. रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, पाचेक लिटरचा. त्यात 100 ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा 40 ते 50 च्या मध्ये हवा. 30 च्या खाली जाऊ देऊ नका, लेन्समधलं ग्रीस आणि रबर सुकतं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये 120 अंशांवर तासभर तापवून पुन्हा वापरता येतात. चार-पाच लेन्स झाले की विजेचा ड्राय कॅबिनेट परवडतो. एसीच्या खोलीतून दमट हवेत जाताना कॅमेरा झिप पिशवीत बंद करा आणि बाहेर अर्धा तास तसाच राहू द्या. बाष्प पिशवीवर धरेल, काचेवर नाही. कॉम्पॅक्टच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण त्याच्या लेन्सला बुरशी लागली तर नुसता लेन्स बदलता येत नाही.

फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला घ्यायला गेलात तर खोक्यावर आयातदाराचं नाव आणि एमआरपी छापलेला स्टिकर आहे का ते आधी बघा. तो नसेल तर माल बाहेरून आणलेला, स्वस्त मिळेल पण इथली वॉरंटी मिळणार नाही. बॉडीवरचा सिरियल नंबर, खोक्यावरचा आणि बिलावरचा एकच हवा, आणि बिलावर जीएसटी नंबर हवा.

जुना घेताना स्वतःचं कार्ड आणि एक छोटी टॉर्च बरोबर न्या. मिररलेसचा लेन्स काढून मागून तिरका प्रकाश टाका. जाळीसारख्या पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, सौदा तिथेच सोडा. दोन-चार धुळीचे कण असले तर हरकत नाही. कॉम्पॅक्टला झूम पूर्ण बाहेर काढून समोरून टॉर्च मारा, मग झूम दहा वेळा आत-बाहेर करून कान लावा. करकर आली किंवा एकदा जरी अडखळला तरी आत वाळू आहे, जुहूला नाहीतर गोराईला नेलेला कॅमेरा. शेवटी सर्वांत लहान अॅपर्चरवर, जीआरला एफ/16 आणि आरएक्स100 ला एफ/11, आयएसओ 100 ठेवून पांढरी भिंत किंवा मोकळं आकाश मुद्दाम आउट ऑफ फोकस काढा आणि स्क्रीनवर मोठं करून कोपरे तपासा. करडे गोल ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ. मिररलेसमध्ये दिसले तर किंमत थोडी पाडून घ्या, जीआरमध्ये दिसले तर सर्व्हिसचा खर्च पूर्ण वजा करूनच बोला.