वासोटा: बामणोलीत गेलेले आमचे अडीच तास

मागच्या रविवारी वासोटा किल्ला करून आलो (साताऱ्याच्या पुढे, कोयनेच्या जलाशयापलीकडे जंगलात आहे, बामणोलीहून बोटीने जायचं आणि वनखात्याची परमिशन लागते), पायाचे गोळे उतरले पण डोक्यातला राग काही उतरला नाही, म्हणून लिहायला बसले. राग किल्ल्यावर नाही, जंगलावर नाही, खिडकीवरच्या माणसांवर तर अजिबातच नाही. "ताई परमिशन, बोट सगळं झालंय, तुम्ही फक्त गाडीत बसा" असं सांगून माणशी पैसे घेणाऱ्या पुण्यातल्या एका ट्रेकवाल्यावर आहे. नाव घेत नाही. पण त्याच्यामुळे अप्पांचा नागेश्वर, म्हणजे त्याच जंगलातलं गुहेतलं महादेवाचं ठिकाण, हुकला आणि ते मला सहन होत नाहीये.

अप्पा म्हणजे माझे सासरे. वय 68, रोज पहाटे तळजाईला चालतात, आमच्यापेक्षा त्यांचा दम जास्त. त्यांचं मूळ गाव कोकणातल्या खेड तालुक्यातलं, म्हणजे सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगाचं. लहानपणी वडिलांच्या मागे मागे चोरवण्याकडून चढून ते महाशिवरात्रीला नागेश्वरला गेले होते. तिथल्या गुहेत वरच्या कातळातून पिंडीवर थेंब थेंब पाणी पडतं, ते त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की न बघताही मला ती गुहा पाठ आहे. आता एकदा घाटावरच्या बाजूने जाऊन बघायचं एवढीच त्यांची इच्छा. वासोट्याच्या वाटेवरच मध्ये नागेश्वरचा फाटा फुटतो, त्यामुळे लवकर पोचलं तर एका दिवसात दोन्ही होतं, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून तर पहाटे पावणेचारला कात्रजहून निघालो.

सातारा, मग कास पठार (डिसेंबरात फुलं नसतात, सगळं वाळलेलं गवत, पण उजाडताना तेही छान वाटतं), मग उतरून बामणोली. सव्वासातला पोचलो. पाण्यावर धुकं, काठाला ओळीने बोटी, अप्पा एकदम खूष. इथपर्यंत सगळं सुरळीत.

तिथे उतरल्यावर "आपला माणूस भेटेल" असं सांगितलं होतं. माणूस नाही. फोन लावावा तर रेंज नाही. गाडीत आम्ही सात, म्हणजे मी, नवरा, लेक, अप्पा, दीर, जाऊ आणि जाऊबाईंचा भाऊ, आणि बाकी दहा जण अनोळखी. सतरा माणसं रस्त्यात उभी. शेवटी मीच परमिशनच्या खिडकीवर गेले आणि त्या ट्रेकवाल्याचं नाव सांगून विचारलं की यांच्या नावावर आजची परमिशन काढलेली आहे ना. तिथले दादा शांतपणे म्हणाले, "मॅडम, अशी आधी कुणाच्या नावावर काढून ठेवलेली नसते. जे जाणार त्यांची यादी द्या, ओळखपत्रांच्या झेरॉक्स द्या, एकाने प्रमुख म्हणून सही करा." म्हणजे काहीच झालेलं नव्हतं. काहीच!

आता झेरॉक्स. माझ्या आणि नवऱ्याच्या पाकिटात होत्या, अप्पांच्या पिशवीत तर तीन तीन प्रती. दीर आणि जाऊबाईंचं आधार मोबाईलमध्ये, आणि ते उघडायला नेट पाहिजे, आणि नेटला रेंज पाहिजे. दीर पाऊण किलोमीटर परत वर चढावर गेले तेव्हा कुठे एक काडी आली. फाईल उघडली, पण प्रिंट कुठे काढणार? एका दुकानात प्रिंटर होता, दुकानदार भला माणूस, पण लाईट नव्हती. "येईल नऊपर्यंत" म्हणाले. आम्ही त्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो आणि समोरून एकेक बोट भरून निघत होती. ती घरघर ऐकली की अप्पा घड्याळ बघायचे आणि काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. सव्वानऊला लाईट आली.

मग यादीचा घोळ. सतरा जणांची एकच यादी करायची तर प्रमुख कोण? जंगलात कुणी हरवलं, कुणी काही पेटवलं, कुणाला लागलं, तर जबाबदारी सही करणाऱ्याची. दहा अनोळखी लोकांची जबाबदारी मी कशी घेणार, आणि ते तरी माझ्या सहीवर का जातील? एक जण म्हणाले "अहो फॉर्मॅलिटी असते, करा सही", तर माझा नवरा म्हणाला मग तुम्हीच करा, तर ते गप्प. यात वीस मिनिटं गेली. शेवटी मी खिडकीवर जाऊन विचारलं की आम्हा सातांची वेगळी यादी चालेल का. चालते! पहिल्याच मिनिटाला विचारायला हवं होतं. नवीन कागद घेतला, नावं, वयं, पत्ते, मोबाईल नंबर, खाली माझी सही. पेन अप्पांचं, कारण खिडकीवरचं पेन दुसऱ्या ग्रुपकडे गेलेलं. दादांनी प्रत्येक झेरॉक्स यादीशी लावून बघितली आणि पावती फाडली. त्यांचं वागणं अगदी चोख, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

अप्पांनी त्यांना विचारलं की पूर्वी एवढं नव्हतं, मग आता का. ते म्हणाले, हे कोयना अभयारण्य 1985 चं, आणि 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, आत गवे आहेत, अस्वलं आहेत, कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं हे कळायला नको का. बरोबरच आहे. मला नियम जाचक वाटलाच नाही, मला आधी खरं सांगणारं कुणी नव्हतं हे जाचक वाटलं.

मग बोट. बोट माणशी नाही, पूर्ण ठरवावी लागते, त्यामुळे सात जणांना महाग पडते. कराडची चार मुलं तशीच थांबली होती, त्यांना घेतलं आणि खर्च वाटून घेतला. तुम्ही दोघं तिघंच असाल तर काठावर असे जोडीदार शोधा, रविवारी मिळतात. निघालो तेव्हा पावणेदहा वाजून गेले होते.

हा शिवसागर जलाशय कोयना धरणाचा, 1964 सालापासून या खोऱ्यातली गावं पाण्याखाली आहेत. बोटवाले मामा मध्येच हात करून सांगत होते, इथे आमची शेती होती, तिथे देऊळ होतं. तास सव्वातास लागतो पलीकडे जायला, थंडी बोचते, कानटोपी ठेवा. उतरायचं ते किल्ल्याच्या पायथ्याच्या मेट इंदवलीला.

तिथे पिशव्या उघडून प्लास्टिक मोजतात. आमच्या बाटल्या सहा, बिस्किटांचे पुडे चार, चिवड्याच्या पिशव्या दोन, सगळं लिहून घेतलं, येताना तेवढंच परत दाखवायचं. घरून स्टीलच्या डब्यात पोळीभाजी नेली तर हा वेळही वाचतो. आणि तिथेच त्या गार्डनी घड्याळ बघून सांगितलं, "आता नागेश्वर नाही जमणार. एकच करा, वासोटा करा आणि वेळेत खाली या." अंधाराच्या आत बोट परत निघायला लागते, त्यात तडजोड नाही. अप्पा म्हणाले "बरं". एवढंच.

जंगल मात्र काय सांगू. ओढा ओलांडला, मारुतीपाशी हात जोडले आणि आत शिरलो की ऊनच संपतं. भर दुपारी सावली आणि पायाखाली वाळलेल्या पानांचा हातभर थर. एका झाडावर शेकरू दिसलं, लेकीने आयुष्यात पहिल्यांदा बघितलं, तपकिरी लांब शेपूट खाली सोडून निवांत काहीतरी कुरतडत होतं, आम्ही श्वास रोखून उभे. नागेश्वरचा फाटा आला तिथे अप्पा थांबले, त्या वाटेवर चार पावलं गेले आणि परत आले. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

दीड दोन तासांत माथा. बाबूकडा बघितल्यावर पोटात गोळा येतो, अर्धगोल कापल्यासारखा सरळ खाली कोकणात गेलेला कातळ, आणि समोर जुना वासोटा. कठड्याबिठड्याची अपेक्षा ठेवू नका, मुलांचा हात धरा. मग माचीवर गेलो आणि तिथे अप्पा एकदम बोलायला लागले. रसाळ, सुमार, महिपत हे कोकणातले किल्ले बोटाने एकेक दाखवत, आणि त्यांच्या खाली कुठेतरी धुरकट पट्ट्यात त्यांचं गाव. अर्धा तास ते तिथून हलले नाहीत. लेकीने त्यांच्या शेजारी बसून सगळी नावं वहीत लिहून घेतली.

खाली प्लास्टिक मोजताना एक चिवड्याची पिशवी कमी, ती माझ्या स्वेटरच्या खिशात सापडली. तर कचऱ्यासाठी एक वेगळी पिशवी करा, इकडे तिकडे कोंबू नका.

आणि हो, पावसाळ्यात हे सगळं बंद असतं, त्यामुळे जूनमध्ये कुणी "वासोटा बुकिंग चालू" म्हणालं तर पैसे देऊ नका. आदल्या रात्री बामणोलीत मुक्काम करणं सगळ्यात उत्तम, सकाळी खिडकी उघडताच पहिला नंबर लागतो.

त्या ट्रेकवाल्याने बुधवारी फोन उचलला आणि "ताई, तिकडे मिसकम्युनिकेशन झालं" म्हणाला. परमिशनचे आणि बोटीचे पैसे परत मागितलेत, अजून आलेले नाहीत. जानेवारीत आम्ही परत जातोय, शनिवारी रात्री बामणोलीत राहणार, आणि या वेळी वासोटा नाही, सरळ नागेश्वर. सातही जणांच्या झेरॉक्स काढून झाल्यात, यादी मी घरीच लिहून ठेवली आहे, पहिलं नाव अप्पांचं.