अडलेला ढीग

मे महिन्यातला ओला कचरा मला दुरूनच ओळखू येतो. आंब्याच्या साली, कोयी, कलिंगडाची सालपटं, रसाचा चोथा. पुण्यात ज्या सोसायट्यांचं कंपोस्टिंग मी बघते, तिथे या दिवसांत हौद भराभर भरतात आणि बिघडतातही तसेच. त्या दिवशी सकाळी साडेसातला मावशींचा फोन. "ताई, तीन नंबरचा हौद काही केल्या पिकेना. आज सहावा दिवस. वास असा सुटलाय की वरच्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्यात."

मावशी अकरा वर्षं हे काम करतात. त्या अडलंय म्हणाल्या म्हणजे अडलेलंच असणार.

गेल्या गेल्या दांडीचा थर्मामीटर हातभर आत खुपसला. ४६ अंश. नोंदवहीत तिसऱ्या दिवसापासून तेच: ४५, ४६, ४६. चांगला ढीग एव्हाना साठाच्या घरात असतो. मूठभर कचरा घेऊन पिळला. एखाद-दुसरा थेंब यावा, तर बोटांतून धारच लागली. साली अजून पिवळ्याच, हाताला बुळबुळीत. वास सडल्याचा नव्हता, नासलेल्या ताकाचा होता आणि त्यात व्हिनेगरची झाक. आंबटपणा मोजायची पीएचची पट्टी लावली. साडेचार. आकडा सातच्या जितका खाली, तितकं आम्ल जास्त.

तेवढ्यात कमिटीतले एक काका खाली आले. कल्चरच्या, म्हणजे बाटलीतल्या तयार जीवाणूंच्या, दोन बाटल्या त्यांच्या ओतून झाल्या होत्या आणि आदल्या दिवशी गुळाचं पाणीही शिंपडलं होतं. रोज खाली येऊन हौद बघणारे अख्ख्या सोसायटीत ते एकटेच, त्यामुळे मला त्यांच्याबद्दल फार आपुलकी आहे. पण गुळामुळे आम्ल करणाऱ्या जीवाणूंनाच आणखी खाऊ मिळाला होता.

कचऱ्यात जीवाणू सहसा बाहेरून आणावे लागत नाहीत. सालींवर, पानांवर, मातीत ते असतातच, फक्त सगळे एका वेळी कामावर येत नाहीत. पहिली पाळी साध्या उबेत वाढणाऱ्यांची. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात त्यात लॅक्टोबॅसिलस आणि त्याचे भाऊबंद पुढे असतात, म्हणजे आपलं दही लावणारी मंडळी. ती साखर खातात आणि आम्ल सोडतात. हवा खेळती असेल तर दुसरे जीवाणू ते आम्ल खाऊन संपवतात, पीएच वर येतो, ढीग तापत जातो आणि पंचेचाळीसच्या पुढे बॅसिलससारखे उष्णता सोसणारे जीवाणू काम हातात घेतात. इथे आम्ल संपायच्या आतच उष्णता चढली होती. पहिल्या पाळीला ती सोसवेना, दुसऱ्या पाळीला आम्ल सोसवेना. हौदात सगळं होतं, पण काम करणारं कोणी उरलं नव्हतं.

स्वीडनच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली हे मोजून दाखवलं होतं: ३६ अंशांना आंबट कचराही कुजत राहतो, पण ४६ अंशांना पीएच सहाच्या खाली असेल तर कुजणं फार मंदावतं. शिकत असताना वाचलेला तो आकडा त्या दिवशी थर्मामीटरवर समोर दिसत होता.

"मावशी, ढीग गार करायचा," मी म्हटलं.

"अहो ताई, तापत नाही म्हणून तर तुम्हाला बोलावलं ना!"

दुपारी बाहेरच्या हवेचाच पारा ३९ वर, तेव्हा उपसून उपयोग नव्हता. संध्याकाळी सहाला सुरुवात केली. सगळा कचरा ताडपत्रीवर वीतभर जाडीनं पसरला, त्यात पर्जन्यवृक्षाच्या वाळक्या पानांची चार पोती आणि एक नंबरच्या हौदातलं न चाळलेलं जुनं खत दोन पोती मिसळलं. पानांनी पाणी शोषलं, हवेला वाट मिळाली. खतानं आंबटपणा थोडा उतरला, शिवाय दुसऱ्या पाळीचे जीवाणू त्यात आयते होते. मास्क लावल्याशिवाय मी कोणाला हात लावू दिला नाही. ढिगात वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू पलटताना उडतात आणि छातीत जातात. हे काम करणाऱ्या बायांना तोंडाला पदर बांधून उभं करतात, ते मला सहन होत नाही. दमदार मास्क हवा, रोज हवा.

सकाळी ढीग ३१ अंशांवर होता. पुन्हा हौदात भरला, सैल ठेवला. दुसऱ्या दिवशी पट्टीवर साडेपाच, तिसऱ्या दिवशी साडेसहा, आणि पारा ४४. चौथ्या दिवशी हौदाशी वाकले तर नाकाला अमोनिया झोंबला. इतर वेळी या वासानं माझ्या कपाळाला आठी पडते, नत्र उडून चाललंय म्हणून. त्या दिवशी बरं वाटलं, कारण आंबटपणा गेल्याशिवाय तो वास येत नाही. पारा ५८. पाचव्या दिवशी ६४.

पासष्टच्या वर उष्णता सोसणारेही मरायला लागतात, म्हणून लगेच पलटी मारली. पंचावन्नच्या वर सलग तीन दिवस राहिला की बहुतेक रोगजंतू जातात, तेवढं मात्र नोंदवहीत पक्कं करून घेतलं.

दहाव्या दिवशी मावशींनी वरचा थर फावड्यानं बाजूला केला. खाली करड्या-पांढऱ्या धाग्यांचं जाळं, चुलीतली राख भुरभुरावी तसं. "हे काय, राख पडली?" म्हणून त्यांनी चिमटीत धरलं. ते अ‍ॅक्टिनोमायसिटीस. दिसतात बुरशीसारखे, पण आहेत जीवाणूच. सालींतली साखर केव्हाच संपली होती, आता ते देठांच्या आणि पानांच्या चिवट धाग्यांना लागले होते. मावशींनी चिमूट नाकाशी नेली, मग माझ्यापुढे धरली. मातीचा वास होता.

कोयी मात्र तशाच टणक. त्या चाळणीवर राहतील आणि पुढच्या हौदात जातील. मावशींनी जुन्या खताची दोन पोती आधीच चार नंबरपाशी आणून ठेवली होती. "उद्यापासून त्यात आंबाच पडणार, ताई. पहिल्या दिवसापासूनच घालते."