जिरा सर्व्हरनंतर काय? आमच्या टीमने टूल निवडलं त्याची गोष्ट

जिरा म्हणजे कामांची आणि बगांची (सॉफ्टवेअरमधल्या चुकांची) तिकिटं सांभाळणारं टूल, आणि जिरा सर्व्हर ही त्याची स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी आवृत्ती; आम्ही तीच वापरायचो. ती बंद होणार ही घोषणा ऑक्टोबर २०२० ची. सपोर्ट संपला १५ फेब्रुवारी २०२४ ला. आमच्याकडे त्यावरची पहिली मीटिंग लागली २०२३ ची दिवाळी झाल्यावर, म्हणजे आपल्या रीतीला धरूनच.

आमची पुण्यातली टीम चाळीसएक जणांची: डेव्हलपर, टेस्टर आणि दोन प्रोजेक्ट मॅनेजर. एका क्लायंटच्या करारात अट आहे की त्यांच्या कामाची कुठलीही माहिती आमच्या ताब्यातल्या सर्व्हरबाहेर जाता कामा नये. या एका ओळीने निम्मी यादी खोडली. जिरा क्लाउड बाद. झोहो स्प्रिंट्सही बाद, कारण तेही क्लाउडवरच. स्वतःच्या सर्व्हरवर चालणारं जिरा डेटा सेंटर होतं, पण त्याचं लायसन्स सुरू होतं ५०० युजर्सपासून. चाळीस जणांसाठी पाचशेंचे पैसे मोजा असं अकाउंट्सला सांगायला कुणी पुढे येईना.

उरले रेडमाइन, ओपनप्रोजेक्ट आणि कोडसाठी आधीपासून आमच्याच सर्व्हरवर चालू असलेलं गिटलॅब.

मॅनेजरांनी एक भलीमोठी एक्सेल शीट केली. डावीकडे फीचर्स, वर टूल्सची नावं, मध्ये बरोबरच्या खुणा. तिन्ही रकाने जवळजवळ सारखेच भरले. तुलनेच्या शीटचं नेहमी असंच होतं. 'आहे' आणि 'रोज वापरता येतं' यातला फरक खुणेत दिसत नाही. म्हणून मी सुचवलं की चालू स्प्रिंटमधला (ठरावीक मुदतीच्या कामाच्या टप्प्यातला) एकच खरा बग घ्यायचा आणि तो नोंदवल्यापासून बंद होईपर्यंत तिन्हीकडे चालवून बघायचा.

बग असा: मोबाइलवर 'पे' बटण पटकन दोनदा दाबलं की दोन एंट्री पडत होत्या. आमच्या सीनियर टेस्टरने तो गिटलॅबमध्ये टाकला. शीर्षक, वर्णन, स्क्रीनशॉट पेस्ट, झालं. डेव्हलपर खूश, कारण मर्ज रिक्वेस्टमध्ये (बदललेला कोड मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीत) 'क्लोजेस' आणि इश्यूचा, म्हणजे तिथल्या तिकिटाचा, नंबर लिहिला की मर्ज होताच इश्यू आपोआप बंद. पण बिल्ड (अ‍ॅपची तयार प्रत) कुठला, एन्व्हायर्नमेंट (ते चालतं तो सर्व्हर) कोणतं, सिव्हिरिटी (बगचं गांभीर्य) किती, हे सगळं फुकटच्या आवृत्तीत लेबलांवर भागवायचं. दोन दिवसांत एकाच गोष्टीची, म्हणजे वापरणाऱ्यांच्या चाचणीच्या एन्व्हायर्नमेंटची, 'यूएटी', 'यूएटी एन्व्ह' आणि 'यूएटी सर्व्हर' अशी तीन लेबलं तयार. रिपोर्ट काढणार कशावर? शिवाय इश्यूचं वेटेज (काम किती मोठं याचा आकडा) आणि एपिक्स (अनेक इश्यूंची एकत्र मोट) पैसे भरल्यावरच मिळतात.

रेडमाइन २००६ पासूनचं, भक्कम. कुठल्या भूमिकेतल्या माणसाने कुठल्या स्टेटसवरून कुठे न्यायचं हे त्यात छान बांधता येतं. पण कार्ड इकडून तिकडे सरकवायचा बोर्ड हवा तर प्लगइन (वरून जोडायचं जास्तीचं सॉफ्टवेअर) लागतं, आणि रेडमाइनची आवृत्ती बदलली की ते चालतंय का हे दर वेळी तपासायचं. आमच्याकडे सर्व्हर सांभाळणारा माणूस एकच, तोही आधीच कावलेला.

ओपनप्रोजेक्ट मुळात रेडमाइनच्याच घराण्यातलं. रेडमाइनमधून चिलीप्रोजेक्ट फुटलं आणि त्यातून हे. गँट चार्ट (कामांचं तारखांवर मांडलेलं वेळापत्रक) आत बसवलेला, त्यामुळे मॅनेजरांचा जीव भांड्यात पडला. कम्युनिटी आवृत्ती फुकट, आणि रॅम किमान ४ जीबी मागतं, ती होतीच. आता हेच घ्यायचं म्हणून कुणीतरी जुन्या जिरातले सगळे अनिवार्य रकाने जसेच्या तसे त्यात उतरवले. टेस्टरने तोच बग टाकायला घेतला आणि मध्येच थांबली. "सर, 'रूट कॉज' मी बग सापडल्या सापडल्या कुठून भरू? तो डेव्हलपरने शोधायचा ना? जुन्यात पण मी तिथे टिंबच टाकायचे." जुना डेटा काढून पाहिला, तर त्या रकान्यात खरंच टिंबं होती, ओळीच्या ओळी. टूल कुठलं घ्यायचं यापेक्षा जास्त चर्चा मग कोणते रकाने ठेवायचे यावर झाली आणि अनिवार्य फक्त चार राहिले. स्टेटसही डझनभर होते; 'रिझॉल्व्ह्ड' आणि 'डन' यांतला फरक कुणालाच सांगता येईना, तेव्हा एक उडवला.

खरा घाम काढला तो डेटा हलवण्याने. जिरातून काढलेल्या सीएसव्हीत (तक्त्याच्या फायलीत) टिप्पण्या रकान्यांमागून रकाने येतात, त्या स्क्रिप्ट लिहून बसवल्या. अटॅचमेंटच्या जागी मात्र नुसत्या लिंका, त्याही जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवणाऱ्या. तो बंद केला असता तर सगळे स्क्रीनशॉट गेले असते. फायली आधी डाउनलोड करून एपीआयने (स्क्रिप्टला टूलशी थेट बोलू देणाऱ्या सोयीने) एकेका वर्क पॅकेजला, म्हणजे ओपनप्रोजेक्टमधल्या तिकिटाला, जोडल्या. दुसरी भानगड तिकीट नंबरांची. आमच्या गिटच्या इतिहासात (कोडमधल्या बदलांच्या नोंदवहीत) हजारो कमिटवर, म्हणजे बदलांच्या नोंदींवर, जिराचे जुने नंबर आहेत आणि ओपनप्रोजेक्ट स्वतःचे नवे देतं. म्हणून 'जुना नंबर' असा एक कस्टम रकाना केला. आजही एखादी विचित्र ओळ कुणी का लिहिली हे शोधताना सगळ्यात जास्त सर्च त्याच रकान्यावर होतो. नव्या मर्ज रिक्वेस्टच्या वर्णनात 'ओपी#' आणि नंबर लिहिला की ती त्या वर्क पॅकेजवर दिसते, त्यामुळे गिटलॅबवाल्यांची कुरकुर थंडावली.

बिलिंगच्या तासांचं मात्र अजून अडलेलंच आहे. नोंद करायची सोय आहे, पण तास भरायचे रोज की शुक्रवारी, यावर दोन्ही मॅनेजरांचं एकमत व्हायचंय.