फुकटचा उंट

दुपारी फोनवर बुद्धिबळाचा डाव मांडला होता. रटाळ चालला होता, म्हणून किल्लेकोट केलेल्या राजासमोरच्या प्याद्यावर उगाच उंट हाणला. यंत्रानं तो तत्काळ गिळला. मला भारी राग आला. आपण त्याग करावा आणि समोरच्याची पापणीही लवू नये?

दादासमोर असं कधी होत नसे. तो उंट माझ्या तोंडाशी आणून ठेवायचा आणि छताकडे बघत शीळ घालायचा. मी हात पुढे करायचो, शीळ ऐकायचो, हात मागे घ्यायचो. घोड्याच्या आडून वजीर येणार का? हत्ती का सरकवला असेल? "खेळतोस की झोपतोस?" असं तो विचारेपर्यंत हे चालायचं. बहुतेकदा दडलेलं काही नसायचंच. उंट नजरचुकीनं उघडा पडलेला असायचा आणि शीळ ते झाकायला. हे कळूनही पुढच्या वेळी मी थांबायचोच.

यंत्राला शीळ ऐकू येत नाही. ते आधी एक चाल खोल बघतं, मग दोन, मग तीन. दर फेरीला एक उत्तर तयार. फेऱ्यांमागून फेऱ्या तीच चाल वर येत राहिली, की ते उरलेला वेळ वाचवून खेळून मोकळं होतं. त्याचं घोडं अडतं ते स्वतःचाच आकडा, म्हणजे डाव आपल्या बाजूनं किती आहे याचा अंदाज, घसरायला लागला की. खऱ्या बलिदानात नेमकं हेच होतं: वरवरच्या फेऱ्यांना फुकटचा उंट दिसतो, खोल गेल्यावर उघडा पडलेला राजा. अशा वेळी फेरी अर्धवट तोडली तर आधीचंच हावरट उत्तर पटावर जातं. म्हणून हल्लीच्या प्रोग्रॅमांना शिकवलेलं असतं, आकडा घसरतोय तोवर ठरल्यापेक्षा जास्त वेळ घ्या. माझ्या उंटानं आकडा हललासुद्धा नसणार. असो.

या शहाणपणाची किंमत केवढी, ते 2017 मध्ये दिसलं. अल्फाझीरो या बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमनं स्टॉकफिश या दुसऱ्या प्रोग्रॅमला 100 डावांत 28 वेळा हरवलं, बाकी बरोबरी. लगेच ओरड झाली, की प्रत्येक चालीला ठोक एक मिनिट दिल्यावर स्टॉकफिशचं वेळ वाटण्याचं कसब वायाच गेलं! पुढच्या वर्षी तीन तासांचं रीतसर घड्याळ लावलेल्या सामन्याचे आकडे आले. तिथेही स्टॉकफिश हरलाच, पण तक्रार रास्त होती.

आणि गंमत म्हणजे, यंत्राचं सर्वांत गाजलेलं बलिदान विचार न करताच झालेलं आहे. 1997 च्या सहाव्या डावात डीप ब्लू या संगणकानं जगज्जेत्या कास्पारोव्हविरुद्ध घोडा दिला तो आधीच भरून ठेवलेल्या चालींच्या यादीतून. कास्पारोव्हनं 19 चालींत डाव सोडला.

याउलट एकेकाळचा जगज्जेता मिखाईल ताल. घोडा द्यावा की न द्यावा, यावर तो चाळीस मिनिटं बसला होता. त्यातला बराचसा वेळ, त्यानंच सांगितलंय, दलदलीत रुतलेला पाणघोडा बाहेर कसा काढायचा या विचारात गेला. लहान मुलांच्या कवितेतली एक ओळ डोक्यात घुसली होती. शेवटी 'बुडू दे त्याला' म्हणत घोडा देऊन टाकला. डाव जिंकला. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की तालनं चाळीस मिनिटं अचूक गणित करून बलिदान दिलं.

मला विचाराल तर वेळेचा हा हिशेब मला जास्त पटतो. तीन मिनिटांच्या डावात मात्र चालायचा नाही.