दीपनगरच्या चिमणीवर फोकस : आमची वाटचाल

आमच्या धंद्याला पाटी नाही. भुसावळला घराच्या पुढच्या खोलीत, ज्या टेबलावर अण्णा घड्याळं उघडायचे, त्याच टेबलावर आम्ही जुने फिल्म कॅमेरे उघडतो. आम्ही म्हणजे मी, बायको, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून फक्त सूचना देणारे अण्णा.

अण्णांचं गिऱ्हाईक म्हणजे रेल्वेची माणसं. गार्ड, ड्रायव्हर, स्टेशनातले बाबू. चावीचं एचएमटी दोन मिनिटं मागे पडलं की ड्युटी संपताच टेबलाशी हजर. पुढे सेलची घड्याळं आली, मग मोबाइल आले आणि दुकान मिटलं. मी मोबाइल दुरुस्तीत शिरलो. पैसे बरे मिळत, पण जुना डिस्प्ले काढायचा आणि नवा चिकटवायचा, एवढंच काम. हात रमेनात.

2017 मध्ये बाजारातला एक स्टुडिओ बंद झाला. मालकांकडे माझी थोडी उधारी होती. पैशांऐवजी त्यांनी एक खोकं पुढं केलं. म्हणाले, "घे भो, तुझ्या अण्णांच्या कामाचं आहे." त्यात फ्लॅशच्या वायरी, ओर्वो फिल्मचे रिकामे डबे आणि खाली एक यशिका इलेक्ट्रो 35.

तो कॅमेरा मी महिनाभर नुसता हातात घेऊन बसायचो. फिल्मचा लिव्हर ओढला की त्यातून 'टक्' असा जाड आवाज यायला हवा, तो येत नव्हता. आत रबराचा एक इवलासा तुकडा असतो. पन्नास वर्षांत त्याचा डिंक होतो नाहीतर भुगा, आणि मग शटरचं सगळं गणित ढासळतं. शिवाय त्याचा 5.6 व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही. सेल नसला तरी कॅमेरा चालतो, पण सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या एकाच वेगावर. घरात फोटो काढला तर काळोख. आम्ही 6 व्होल्टचा छोटा सेल, पितळी नळी आणि स्प्रिंग अशी जुळणी केली. ज्या दिवशी तो 'टक्' ऐकू आला, त्या दिवशी अण्णा आतल्या खोलीतून म्हणाले, "बसला."

पहिलं बाहेरचं काम जळगावच्या एका प्राध्यापकांचं आलं, कॅनोनेट नावाचा रेंजफाइंडर कॅमेरा. तेच मी बिघडवलं. रेंजफाइंडर कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही. पुढे दोन खिडक्या असतात. एकीतून समोरचं थेट दिसतं, दुसरीतली प्रतिमा आरशांवरून येऊन त्यावर पडते. फोकसची कडी फिरवत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस लागला. यासाठी डोळ्यासमोर अर्धा चांदी चढवलेला एक काचेचा तुकडा असतो, अर्धा उजेड पलीकडे सोडणारा, अर्धा परतवणारा. दुसरी प्रतिमा फिकट दिसत होती, म्हणून मी कापसाच्या काडीवर स्पिरिट घेऊन ती काच स्वच्छ पुसली. इतकी स्वच्छ, की चांदीच उतरली. दुसरी प्रतिमा फिकट होती ती आता मुळीच नाही. त्या एका काचेसाठी मी दुसरा मोडका कॅनोनेट विकत आणला, कॅमेरा नीट करून दिला आणि बिल लावलं नाही. प्राध्यापकांनी पुढच्या दोन वर्षांत आमच्याकडे पाच गिऱ्हाइकं पाठवली. आमची खरी जाहिरात ती.

तेव्हापासून झाकण काढण्याआधी प्रत्येक कॅमेरा वहीत उतरतो. कुठला वेग अडकतो, लेन्सला बुरशी किती, आधी कुणी उघडलाय का. उघडलेला लगेच कळतो, स्क्रूंची डोकी खरवडलेली असतात. जपानी कॅमेऱ्याच्या स्टार स्क्रूला जपानी मापाचाच स्क्रूड्रायव्हर लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला त्यात बसल्यासारखा वाटतो आणि खाचा गोल करून सोडतो.

भुसावळचा उन्हाळा या कामात आमचा भागीदारही आहे आणि वैरीही. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की फोकसच्या आट्यांमधलं जुनं ग्रीस पातळ होऊन शटरच्या पात्यांवर उतरतं. पाती चिकटली की बटण दाबलं तरी कॅमेरा ढिम्म. लायटरच्या पेट्रोलने ती धुवायची, कोरडी होऊ द्यायची, परत धुवायची. तेल घालायचा मोह टाळायचा; ही पाती कोरडीच चालतात. कूलरसमोर कॅमेरा ठेवणाऱ्यांना मी हात जोडतो, कारण ती ओलसर हवा आणि चामड्याचं बंद कव्हर म्हणजे बुरशीला पंगत. लेन्स उघडायचं काम आम्ही पहाटे करतो, फरशी पुसून, पंखा बंद करून. धूळ बसलेली असते तेव्हाच.

मागच्या दाराच्या खाचेतला फोम काळा चिखल होऊन बसतो, तो काढून नवा घालणं हे बायकोचं काम. ती शिवणकाम करायची. माझे फोमचे तुकडे पाहून ती एकदा म्हणाली, "अहो, हे कापताय की कुरतडताय?" खाचेत काळ्या लोकरीचा धागा बसवायची युक्ती तिचीच. उजेड अडतो आणि पुन्हा चिकट होत नाही.

सगळं जुळलं की कॅमेरा गच्चीवर जातो. इथून दीपनगरच्या वीजकेंद्राची चिमणी दिसते. लेन्स अनंतावर, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसवर ठेवून कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाहायचं. चिमणी एकच दिसली पाहिजे. दोन दिसल्या तर एक स्क्रू प्रतिमा आडवी सरकवतो, दुसरा उभी. मग मागचं दार उघडून, शटर उघडं ठेवून, फिल्मच्या जागी दुधी चिकटपट्टी ताणतो आणि तिच्यावर उमटलेली उलटी चिमणी भिंगातून बघतो. दोन्हीकडे रेखीव आली तरच पार्सल बांधायचं.

पार्सलने दोनदा रडवलंय, त्याबद्दल इथे नको. पुण्या-मुंबईची मुलं फोनवर विचारतात, भुसावळला कॅमेरे दुरुस्त होतात? मी म्हणतो, अरे, केकी मूस, एवढे मोठे फोटोग्राफर, चाळीसगावात राहायचे. काहींना नाव माहीत असतं, काही गुगल करतात. महिन्याला दहा-बारा कॅमेरे होतात, त्याहून जास्त घेत नाही. मोबाइलचं काम संध्याकाळी दोन तास अजून चालू आहे, कारण लोकरीच्या धाग्यावर घर चालत नाही.

सध्या टेबलावर एक झोर्की 4 आहे. कापडी पडद्याच्या शटरचा रशियन कॅमेरा. लेन्सवर झाकण न लावता खिडकीत राहिला, लेन्सने भिंगासारखं काम केलं आणि खानदेशच्या उन्हाने पडद्याला भोक पाडलं. पुढे आरसा नसतो, त्यामुळे ऊन थेट पडद्यावर. भोकावर काळ्या लवचीक रंगाचा पहिला थर काल दिलाय. मालक निवृत्त गार्ड आहेत, अण्णांचं जुनं गिऱ्हाईक. कुरिअर नको म्हणाले, रविवारी पॅसेंजरने स्वतः येणार आहेत. तोवर दुसरा थर वाळायला हवा.