हॅरिएट गेल्यानंतरचा सॅम्युएल

गेले वर्षभर मी एक ऐतिहासिक कथा लिहीत आहे आणि तिच्यातील एका समुद्रप्रवासापाशी पुन्हा पुन्हा अडत आहे. मॅसॅच्युसेट्समधील हेव्हरिल गावच्या हॅरिएट ॲटवूडचा १८१२ च्या फेब्रुवारीत सॅम्युएल न्यूएलशी विवाह झाला आणि दहाच दिवसांनी ती दोघे मिशनरी म्हणून, सोबतच्या जडसन या मिशनरी दांपत्यासह, सेलम बंदरातून कलकत्त्याकडे निघाली. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. जूनमध्ये पोहोचलेल्या या मंडळींना परत जाण्याचा हुकूम मिळाला आणि गरोदर हॅरिएटला घेऊन सॅम्युएल मॉरिशसकडे जाणाऱ्या जहाजावर चढला. वाटेत समुद्रावरच मुलगी जन्मली आणि पाच दिवसांत गेली. क्षयाने खंगलेली हॅरिएट ३० नोव्हेंबरला त्या बेटावर वारली, तेव्हा तिला एकोणीस वर्षे पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

तिचे चरित्र अमेरिकेत घरोघरी वाचले गेले आणि तिचा मृत्यू म्हणजेच आज्ञापालनाचा कळस, असे चित्र वाचकांच्या मनावर ठसले. मला ते पटत नाही. मृत्यू तिने पाळला नव्हता, तो तिच्यावर आला होता. आणि त्या गरोदर मुलीला पुन्हा जहाजावर चढवणारा हुकूम कंपनीचा होता, तो देवाच्या नावावर का टाकायचा?

माझ्या आईची पहिली मुलगी चार दिवसांची असताना गेली. सांत्वनाला आलेल्या बाया ‘देवाची मर्जी’ म्हणू लागल्या की आई काही न बोलता उठून चुलीपाशी जाई, असे आत्या सांगते; पण पुढच्या रविवारी ती उपासनेला हजर होती. सॅम्युएल लिहिताना मला आईचे ते उठून जाणे फार उपयोगी पडते.

कारण तोही उठला. मॉरिशसहून तो सिलोनला गेला आणि १८१४ मध्ये मुंबईत गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट या अमेरिकन मिशनऱ्यांना येऊन मिळाला. तिथे तो मराठी शिकला. १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यात बायबलमधील मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापायला घेतले गेले, आणि १८२१ मध्ये पटकीने त्याचाही मुंबईतच अंत झाला.

पहिल्या खर्ड्यात मी त्याला हॅरिएटच्या कबरीपाशी ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे म्हणायला लावले होते. वाक्य शोभून दिसत होते, पण खोटे होते, म्हणून खोडले. आता ते पाच वर्षांनी येते. मुंबईतील एका खोलीत तो पंडितांबरोबर येशूने मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत केलेल्या, हेच वाक्य असलेल्या प्रार्थनेचे भाषांतर करीत बसला आहे (हा प्रसंग सर्वस्वी माझा). पंडित शब्द सुचवतात, वाक्य कानाला कसे लागते ते पाहण्यासाठी मोठ्याने वाचायला सांगतात, आणि सॅम्युएल पाण्याचा तांब्या जवळ ओढून अर्ध्यावर थांबतो.