घरी मिसळलेल्या कार्बन शाईतून कृष्णधवल छपाई: माझा अनुभव

कृष्णधवल छायाचित्राचा कस गडद काळ्यापेक्षा फिक्या राखाडी छटांमध्ये अधिक लागतो, असे माझे ठाम मत आहे, आणि त्या छटांसाठीच मी घरी शाई तयार करण्याकडे वळले. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरील धुक्याचे एक छायाचित्र मला मनाजोगते छापायचे होते. रंगीत शायांचा प्रिंटर राखाडी छटा निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या ठिपक्यांतून जुळवत असल्याने तेच धुके खिडकीच्या उजेडात गुलाबीकडे झुके आणि ट्यूबलाइटखाली हिरवट दिसे.

यावरचा उपाय म्हणजे प्रिंटरच्या कप्प्यांमध्ये रंगांऐवजी काळ्याच्याच कमी-अधिक तीव्रतेच्या शाया भरणे. पॉल रोआर्क या अमेरिकी छायाचित्रकाराने अशा मिश्रणांची आपली सूत्रे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. त्यांचा अभ्यास करून मी माझ्या एप्सन १३९० या सहा शायांच्या प्रिंटरसाठी प्रमाणे बेतली. मूळ शाई केवळ कार्बनच्या कणांची, मॅट कागदासाठीची काळी पिगमेंट शाई होती. आपल्याकडे पोथ्या लिहिण्यासाठी काजळी आणि डिंक घोटून शाई करत, तिच्यातही रंगद्रव्य कार्बनच असे, आणि कार्बन उजेडाने विटत नाही. काजळीचे कण धरून ठेवण्याचे जे काम तिथे डिंक करतो, ते इथे शाईतली रसायने करतात.

अशी शाई नुसत्या पाण्याने पातळ केली तर ती प्रिंटरच्या हेडच्या, म्हणजे शाई फवारणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रांत लवकर सुकते. म्हणून आधी पातळ करण्याचे द्रावण करावे लागते. मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सुमारे दहा टक्के ग्लिसरीन आणि फिल्म धुताना वापरतात ते फोटो-फ्लो (पाणी पृष्ठभागावर सारखे पसरवणारे द्रावण) अगदी थोडे घातले. ग्लिसरीन सिरिंजच्या आतल्या बाजूला चिकटून राहते, त्यामुळे ते मापण्यापेक्षा तोलणे बरे. १० मिलिलीटर ग्लिसरीनचे वजन सुमारे १२.६ ग्रॅम भरते. ते हवेतला ओलावा ओढून घेते, म्हणून पावसाळ्यात जास्त झाले तर छपाई लवकर वाळत नाही आणि उन्हाळ्यात कमी पडले तर छिद्रे बुजतात.

पहिल्या कप्प्यात मूळ शाई तशीच भरली, पुढच्या चारांमध्ये तिची ३०, १८, ९ आणि ५ टक्क्यांची मिश्रणे. पातळ केलेला कार्बन कागदावर तपकिरी झाक दाखवतो, ती मारण्यासाठी सहाव्या कप्प्यात निळ्या पिगमेंटमध्ये किंचित किरमिजी घालून केलेली अतिशय फिकी शाई ठेवली. बाटली जोराने हलवल्यास फेस होतो आणि हवेचे बुडबुडे हेडपर्यंत पोचतात. ती सावकाश उलटीसुलटी करणेच योग्य.

मिसळण्याइतकेच काम पुढे संगणकावर होते. एप्सनचा स्वतःचा ड्रायव्हर या कप्प्यांत रंगच आहेत असे धरून चालतो, म्हणून रॉय हॅरिंग्टन यांचे क्वाडटोन रिप हे प्रत्येक कप्प्याची शाई स्वतंत्रपणे हाताळू देणारे सॉफ्टवेअर वापरले. त्यात प्रत्येक शाईची पट्टी वेगळी छापून, कोणत्या मर्यादेपलीकडे शाई वाढवूनही काळेपणा वाढत नाही, ते पाहिले. मग २१ पायऱ्यांची राखाडी पट्टी छापली, रात्रभर वाळू दिली आणि स्कॅनरवर मोजून पायऱ्यांमधले अंतर सारखे होईपर्यंत, कोणत्या छटेला कोणती शाई किती हे ठरवणाऱ्या वक्ररेषा दुरुस्त करत गेले. या टप्प्यावर घाई करू नये, कारण ओल्या पट्टीवरचे आकडे वाळल्यावर बदलतात.

धुक्याचे चित्र छापून भिंगाखाली धरले, तेव्हा या खटाटोपाचे मोल कळले. फिक्या भागात काळी शाई वापरली तर १.५ पिकोलिटरचा (पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग) अतिसूक्ष्म थेंबही पांढऱ्या कागदावर सुटा ठिपका म्हणून उठून दिसतो. पाच टक्क्यांच्या शाईचे ठिपके मात्र दाट पडूनही भिंगाखालीदेखील जेमतेम ओळखू येत होते, आणि कड्याची कड धुक्यात विरते तिथे कुठेही पायरी पडली नव्हती. ट्यूबलाइटखालची हिरवट झाकही गेली होती.

ही शाई चकचकीत कागदावर बसत नाही, बोटाने पुसली जाते. त्यामुळे मी सुती मॅट कागदच वापरते. पिगमेंट तळाशी बसत असल्याने दर आठवड्याला एक पान छापते आणि त्याआधी कार्ट्रिज काढून हलक्या हाताने फिरवून घेते.